कासवाचा पत्ता

आमच्या घरी एक कासव एकोणतीस वर्षं राहिलं. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना कौतुकानं सांगितलं आहे. हल्ली सांगताना अडखळते, कारण ते राहिलं हे काही खरं नाही. आम्ही ते ठेवलं होतं.

१९९४ च्या पावसाळ्यात बाबांनी ते आणलं. बाबा रेल्वेत टीसी होते आणि त्यांच्या बऱ्याच फेऱ्या सोलापूर-गुंतकल मार्गावर असत. एका सकाळी ड्यूटीवरून परतल्यावर त्यांनी बॅगेतून जेवणाचा डबा काढण्याआधी पंचात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि अलगद फरशीवर ठेवलं. पंचाची घडी उलगडली तर आत तळहाताएवढं कासव. काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या, प्रत्येक चांदणीच्या मधोमध एक पिवळा ठिपका. मी दहा वर्षांची होते, दादा बारा. आम्ही श्वास रोखून बघत बसलो. बराच वेळ गेल्यावर त्यानं डोकं बाहेर काढलं.

"गुंतकलच्या एकानं दिलं," बाबा म्हणाले. "घरात असावं म्हणतात, बरकत येते."

गुंतकलच्या त्या माणसाला ते कुणी दिलं, हे आम्ही विचारलं नाही. मुलांनी विचारायचा तो प्रश्नही नव्हता. आज मात्र सगळं त्या न विचारलेल्या प्रश्नाशी येऊन थांबतं.

आईनं त्याचं नाव कूर्मदास ठेवलं. कुर्डुवाडीजवळच्या लऊळला कूर्मदासाचं देऊळ आहे. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून सरपटत पंढरपूरला निघाला, लऊळपर्यंत आला, पुढे काही जाववेना, तेव्हा विठ्ठलच त्याला भेटायला तिथं आला, अशी कथा. आईचं माहेर त्याच भागातलं, त्यामुळे ही गोष्ट तिच्या तोंडी कायम असे. आमचा कूर्मदास शहाबादी फरशीवर दिवसभर खरखर आवाज करत फिरायचा, उन्हाळ्यात न्हाणीतल्या पिंपामागे जाऊन पडून राहायचा आणि कोबी, काकडी, भिजवलेली पोळी, आमरसाच्या दिवसांत आंब्याची साल, असं आम्ही देऊ ते खायचा. आम्ही पोरं त्याला मुद्दाम पाठीवर उलटं करायचो. थोडी धडपड करून तो पुन्हा सुलटा व्हायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

या सुलटं होण्याबद्दल मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. गॅबोर डोमोकोश आणि पेतर वारकोन्यी या हंगेरीतल्या दोन संशोधकांनी कसाही ठेवला तरी आपोआप एकाच बाजूवर येऊन स्थिरावणारा एक घनाकार शोधला, गोंबोत्स नावाचा. मग निसर्गात असं काही आहे का, म्हणून त्यांनी कासवांच्या पाठी मोजल्या. त्यांच्या त्या आकाराच्या अगदी जवळ जाणाऱ्या पाठींमध्ये भारतातल्या तारा कासवाची पाठ होती. उलटं पडलं तर उठता यावं, ही सोय त्याच्या कवचाच्या घडणीतच आहे. तस्कर मात्र कासवाचे पाय आणि डोकं आत दाबून त्याला कापडात किंवा मोज्यात घालतात आणि वरून चिकटपट्टी गुंडाळतात. हालचाल होऊ नये, आवाज येऊ नये म्हणून. त्या पट्टीपुढे पाठीचा कुठलाच आकार कामी येत नाही. बाबांचा पंचा मऊ होता, एवढाच काय तो फरक.

कूर्मदास ही मादी आहे, हे आम्हाला अकरा वर्षांनी कळलं. एका पावसाळी दुपारी ती गच्चीवर अस्वस्थपणे फिरत होती. मग एका कोपऱ्यात थांबून मागच्या पायांनी फरशी उकरू लागली. एक पाय, मग दुसरा पाय, मग पुन्हा पहिला. खाली सिमेंट. तासभर ती उकरत होती. पायाच्या नखांशी रक्त आलं तेव्हा आई धावत जाऊन तुळशीच्या कुंडीतली माती घेऊन आली आणि तिच्याभोवती पसरली. त्या ओंजळभर मातीत तिनं तीन अंडी घातली. नर नव्हता, त्यामुळे ती रिकामीच असणार हे मला आज माहीत आहे. आईला माहीत नव्हतं. तिनं ती कापसात ठेवली आणि कितीतरी दिवस रोज बघितली.

त्या दिवसांत आई एक गोष्ट सांगायची. कीर्तनातून आपल्या सगळ्यांच्याच कानावर पडलेली. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघते आणि त्या नजरेवर पिलं वाढतात. संतांनी या कूर्मदृष्टीची उपमा देवाच्या आणि गुरूच्या कृपेला दिली आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं यात तथ्य नाही. कासवी अंडी पुरते आणि निघून जाते. पण हात न लावताही प्रेम करता येतं, असं आपल्या भाषेनं कधीतरी मान्य केलं होतं, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरात ते कीर्तनापुरतंच राहिलं.

पुढे शिक्षण, मग नोकरीसाठी मी बंगळुरूला आले. २०१७ मध्ये बाबा गेले. आई जुळे सोलापुरातल्या घरात एकटी आणि सोबतीला ती. फोनवर आई माझी चौकशी करून झाल्यावर तिची खबर द्यायची, काल जेवली नाही, आज उन्हात बसली. दादा हसून म्हणायचा, "आईला आता दोन मुली."

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी एक बातमी वाचली. सिंगापूरमध्ये बेकायदा पाळलेली ५१ तारा कासवं विमानानं बंगळुरूला परत आणली होती. फोटोत लाकडी खोकी आणि त्यांत ओळीनं बसलेल्या आमच्या कूर्मदासच्या ५१ बहिणी-भाऊ. बातमी आनंदाची होती. मी ती आईला वाचून दाखवणार होते आणि वाचता वाचता गप्प झाले. सिंगापूरमधल्या ज्या घरांतून ती कासवं आली, त्या घरांत आणि आमच्या घरात काय फरक होता?

मग मी वाचत गेले. तारा कासव हे काटेरी झुडपांच्या, गवताच्या, शेतबांधांच्या कोरड्या प्रदेशातलं. एकीकडे गुजरात-राजस्थान आणि पाकिस्तानचा लागून असलेला भाग, दुसरीकडे आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि श्रीलंका. आपल्याला जी नक्षी वाटते, ती वाळक्या गवतातल्या ऊन-सावलीत लपण्यासाठी आहे. त्याला दिसेनासं करणारी गोष्टच त्याच्या किमतीचं कारण झाली. पावसाळ्यात ती बाहेर पडतात, तेव्हाच वेचली जातात. वेचणारे बहुतेक त्याच भागातले गरीब लोक, त्यांना नगाला थोडे पैसे मिळतात. पुढे दलाल, मग चेन्नईसारखं मोठं शहर, तिथून बँकॉक, क्वालालंपूर, आणि शेवटी कुणाच्या तरी दिवाणखान्यातली काचेची पेटी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांना आढळलं की, भारतातल्या एकाच ठिकाणाहून वर्षभरात किमान ५५,००० कासवं रानातून उचलली जात होती. एकाच ठिकाणाहून. या कासवाची मादी वयात यायला कितीतरी वर्षं घेते आणि एका वेळी मोजकी अंडी घालते. अशा जिवाच्या बाबतीत हा आकडा फार मोठा आहे.

आणि हे सगळं बेकायदा होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे कासव पकडायला आणि पाळायला मनाई होती. म्हणजे बाबांनी पंचा उलगडला त्या सकाळीही. बाबा विनातिकीट प्रवाशाकडून दंड घेताना एक रुपया इकडचा तिकडे न करणारे गृहस्थ. त्यांना कुणी सांगितलं असतं की ही चोरी आहे, तर त्यांनी पुढच्या फेरीला ते परत नेऊन दिलं असतं, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणू शकते.

हे सगळं कळूनही मी पाच वर्षं काही केलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या साइटीस परिषदेत तारा कासव पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे रानातून पकडलेल्या कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद. मी बातमी वाचली आणि कापून ठेवली. मग टाळेबंदी आली, आई एकटी, तिला त्या कासवाचाच आधार. माझ्याकडे कारणं होती आणि ती खोटी नव्हती.

त्याच काळात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याशी माझी ओळख वाढली. मूळचा नाशिकचा, माझ्याहून तरुण, मला ताई म्हणणारा. त्याच्या घरातली एक खोली काचेच्या पेट्यांनी भरलेली होती. बॉल पायथन, पालींच्या दोन जाती, एक इग्वाना. प्रत्येक पेटीला वेगळं तापमान, वेगळा ओलावा, भिंतीवर खाण्याचं वेळापत्रक. माझ्या आईनं दिलेल्या भिजवलेल्या पोळीबद्दल ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. कूर्मदासचा फोटो बघून म्हणाला, "पाठीवर हे असे उंचवटे आलेत ना, ते खाण्यामुळे आणि कोरड्या फरशीमुळे, ताई. तुम्ही प्रेमानं तिचं वाटोळं केलंत." तो बरोबर होता. त्या जनावरांविषयी त्याला असलेली माहिती आणि माया दोन्ही खऱ्या होत्या.

त्याचे युक्तिवाद मी नीट ऐकले. एक, रानं तशीही संपत चालली आहेत, शेतं, रस्ते, वणवे; आमच्याकडे निदान ती जिवंत राहतील. दोन, हौशी लोकांनीच पैदाशीचं तंत्र विकसित केलं, उद्या ते प्रजाती वाचवायला उपयोगी पडेल. तीन, माझ्याकडचं सगळं कायदेशीर आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारनं परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेनं नोंद करायची संधी दिली होती. सहा महिन्यांच्या आत नोंद केली तर मूळ कागदपत्रं मागितली जाणार नव्हती. त्यानं नोंद केली होती, प्रमाणपत्र दाखवलं.

ते मी वाचलं. त्यात त्या प्राण्याचा आजचा पत्ता होता, बंगळुरूचा, पिनकोडसकट. आधीचा पत्ता विचारायची मुभाच त्या योजनेत नव्हती. माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा हा शब्द आला, पत्ता. तस्करीत चोरीला जातो तो प्राणी आणि त्याच्याबरोबर त्याचा पत्ता. प्राणी एखाद्या वेळी परत मिळतो. पत्ता मिळत नाही.

हे नुसतं भावनेनं म्हणत नाही. जप्त केलेली तारा कासवं परत रानात सोडायची तर कोणत्या रानात? हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय अभ्यास करून दाखवलं की, वायव्येकडची आणि दक्षिणेकडची कासवं वेगवेगळ्या गटांतली आहेत. विमानतळावर एकाच बॅगेत सापडलेली कासवं एकाच ठिकाणची असतील असं नाही. वाटेल तिथं सोडली तर हजारो वर्षं वेगळे राहिलेले गट मिसळतात, शिवाय बंदिवासातले आजार रानातल्या निरोगी कासवांना लागतात. म्हणून सुटका झालेली बरीच कासवं केंद्रांमध्येच राहतात. पैदाशीच्या युक्तिवादाचंही तेच. घरात जन्मलेल्या पिलांना जायला रान हवं, आणि आईबापच कुठले ते माहीत नसेल तर त्या पिलांचं रान कुठलं? त्यातून 'बंदिवासात जन्मलेलं' असा शिक्का मारून रानातली जनावरं विकणं ही या धंद्यातली जुनी युक्ती. शिक्का खरा की खोटा, हे काचेबाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.

पत्त्याची ही चोरी इतकी वाढली आहे की आता शास्त्रज्ञच पत्ते लपवू लागले आहेत. इंडोनेशियाच्या रोटी बेटावरचं लांब मानेचं कासव ही वेगळी प्रजाती असल्याचं १९९४ मध्ये जाहीर झालं, आमच्या घरी पंचा उलगडला त्याच वर्षी. जगातल्या संग्राहकांना ते हवंसं झालं आणि थोड्याच वर्षांत बेटावर ते जवळजवळ सापडेनासं झालं. दक्षिण चीनमधल्या एका गुहांमधल्या पालीचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. कुठं सापडली ते नियमाप्रमाणे लिहिलेलं होतं, त्यामुळे पकडणारे नेमके तिथंच पोचले आणि त्यांनी ती जागा रिकामी केली. तेव्हापासून नव्या सरड्या-पालींची वर्णनं लिहिताना अनेक संशोधक नेमकं ठिकाण देत नाहीत. ज्ञान जाहीर करायचं हे विज्ञानाचं व्रत. ते मोडावं लागलं, कारण वाचणाऱ्यांत आपल्यासारखे प्रेमी लोक आहेत.

मादागास्करच्या अंगोनोकाची गोष्ट याहून विदारक. त्या बेटाच्या वायव्येला, बाली उपसागराकाठी राहणारं सोनेरी पाठीचं कासव. गळ्याखाली नांगराच्या फाळासारखा टोकदार भाग. जगात दुसरीकडे कुठंही नाही आणि रानात उरलेली काही शेच. १९९६ मध्ये तिथल्या संवर्धन केंद्रातून ७५ कासवं चोरीला गेली. मार्च २०१३ मध्ये बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर एका बॅगेत अंगोनोकाची ५४ पिलं सापडली. शेवटी, वाचवू पाहणाऱ्यांनी उरलेल्या कासवांच्या पाठीवर मोठी अक्षरं आणि आकडे कोरले. हेतू एकच, ती कुरूप दिसावीत, कुणी विकत घेऊ नयेत. त्याचा फोटो मी सहकाऱ्याला दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे करणाऱ्याचा हात थरथरला असेल."

दुर्मिळ होणं हेच ज्या बाजारात मोलाचं, त्या बाजारात प्रत्येक कमी झालेला जीव उरलेल्यांची किंमत वाढवतो. शेवटच्या जिवाला सगळ्यात जास्त भाव. आणि हा भाव देणारे लोक दुष्ट नसतात. ते माझ्या सहकाऱ्यासारखे जाणकार असतात, किंवा माझ्या बाबांसारखे साधे. पकडले जातात ते बॅग वाहणारे आणि बांधावर कासवं वेचणारे. आमच्यासारख्यांच्या दारात पंचनामा करायला कुणी येत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि तारा कासव पहिल्या अनुसूचीत गेलं. शिक्षा तीन ते सात वर्षं. मी आईला फोन केला. शुद्ध नीतीनं केला की भीतीनं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असावं.

आई आधी चिडली. "एकोणतीस वर्षं सांभाळली, आता चोर म्हण की आम्हाला!" मग दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "त्या फरशीवर उकरत होती ना गं ती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माती शोधत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मी रजा घेऊन सोलापूरला गेले. वनखात्यातून दोघं जण आले, एक मध्यमवयीन वनपाल आणि एक तरुण मुलगा. त्यांनी कागद केले, आईचा जबाब घेतला. कुठून आणलं, या रकान्याशी वनपाल थांबले. आई म्हणाली, "ह्यांनी आणलं. गुंतकलहून." वनपाल म्हणाले, "आजी, गुंतकल स्टेशन झालं. सापडलं कुठं?" आई माझ्याकडे बघू लागली. मी दादाला फोन लावला. त्यालाही माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो माणूस कोण, तेही कुणाला माहीत नव्हतं. रकान्यात 'अज्ञात' असं लिहिलं गेलं.

तरुण मुलानं तिला दोन्ही हातांनी उचलून गवत घातलेल्या खोक्यात ठेवलं. आईनं विचारलं, "तिच्या रानात सोडतील ना?" मुलगा वनपालांकडे बघू लागला. वनपाल खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "केंद्रात ठेवतील, आजी. तिथं माती आहे."

आईचं आणि माझं त्यानंतर अनेकदा बोलणं झालं. एकदा ती म्हणाली, "कूर्मदासाला भेटायला देव लऊळला आला. हिला भेटायला कोण येणार, आणि कुठं?" मी काही उत्तर दिलं नाही. सहकाऱ्यानं त्याच्या पेट्या ठेवल्या आहेत, पण नवीन जनावर घेणं थांबवलं आहे. विकणाऱ्याला तो आता एकच प्रश्न विचारतो, हे मूळ कुठलं? अजून त्याला खरं वाटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सोलापूरहून बंगळुरूला परत येत होते. गुंतकल रात्री येतं. आईनं बजावून ठेवलं होतं, म्हणून गाडी स्टेशनातून सुटल्यावर फोन केला. ती जागीच होती.

"पाऊस आहे का तिकडं?"

"भुरभुर आहे."

"मग बाहेर पडली असतील सगळी. दिसतं का काही?"

"अंधार आहे, आई."

"असू दे की. बघ तरी."

मी खिडकीच्या काचेला कपाळ लावून बसले.